तिघांत दोघांचं खरं

चांगलं काय आणि वाईट काय हे ज्याला कळतं तो माणूस, आणि ही जाण माणसाने यंत्राला देणं हे या शतकातलं सर्वांत मोठं विद्यादान होय. हे वाक्य आमच्या कचेरीत पिण्याच्या पाण्याच्या यंत्रावर चौकटीत लावलेलं होतं. विद्यादान सकाळी नऊ ते सहा चाले, दुपारी अर्धा तास सुट्टी. पाण्याचं यंत्र बंद होतं.

काम साधं होतं. संगणकावर एक पेचप्रसंग येई. दोन रुग्ण आहेत आणि औषध एकालाच पुरेल. मित्राने चोरी केली आहे आणि पोलीस तुम्हाला विचारतायत. म्हातारी आई विचारते आहे की धाकटा फोन का करत नाही, आणि धाकटा तर गेलेला आहे. खाली तीन उत्तरं असत, क, ख आणि ग, आणि त्याखाली ‘कारण’ अशी एक रिकामी चौकट. एकच प्रसंग तिघांना जाई. तिघांपैकी दोघांचं जुळलं की ते उत्तर बरोबर, उरलेल्याचं चूक. पाचामुखी परमेश्वर असं आपण ऐकून असतो. कंपनी काटकसरी होती, तिघांवर भागवत होती.

प्रत्येकाच्या नावापुढे एकमताचा आकडा असे, म्हणजे शंभरातल्या किती वेळा तुम्ही बाकीच्यांबरोबर निघालात. हा आकडा लागोपाठ तीन महिने सत्तरच्या खाली राहिला तर खुर्ची रिकामी करायची. बरंवाईट न कळणाऱ्या माणसाला कंपनी किती दिवस पोसणार?

मी पर्यवेक्षक. आधी तर्कशास्त्र शिकवायचो. महाविद्यालयाने तो विषय बंद केला, आणि काही दिवसांनी मला बोलावून लक्षात आणून दिलं की मीही त्याच विषयात होतो. इथे माझं टेबल परीक्षेच्या हॉलसारखं समोर होतं आणि माझ्याकडे तोंड करून प्लायवूडच्या आडोशांत तिघं बसत. त्यांना एकमेकांचा पडदा दिसत नसे. मी सगळ्यांना दिसे, आणि माझ्या संगणकावर तिघांची उत्तरं दिसत. बोलायला बंदी होती.

डावीकडे वकील. त्यांनी अकरा वर्षं कोर्टात काढली होती, त्यातली साडेदहा तारखा मागण्यात. उजवीकडे विमेवाले. त्यांनी आयुष्यभर आयुर्विमा विकला होता आणि त्यांच्या मते जगातला कुठलाही पेचप्रसंग वेळीच योग्य पॉलिसी घेतली असती तर उद्भवलाच नसता. या दोघांना रुजू झाल्यावर आठवड्याभरातच एक शोध लागला होता. ‘ग’ हे उत्तर बहुतेक वेळा ‘संबंधितांशी चर्चा करावी’ अशा अर्थाचं असतं, आणि चर्चा करून कोणाचं वाईट झालेलं नाही. दोघं डोळे मिटून ‘ग’ दाबत. बोट बुडत असतानासुद्धा आधी संबंधितांशी चर्चा करावी, हे यंत्राला आम्ही शिकवलं. वकिलांचा आकडा एक्क्याण्णव होता, विमेवाल्यांचा त्र्याण्णव.

मधल्या आडोशात सिस्टर. त्यांचा आकडा एकसष्ट.

सिस्टर सव्वीस वर्षं रुग्णालयात होत्या. माणसं उचलून-उचलून कंबरेच्या मणक्याने राजीनामा दिला, मग त्यांनी दिला. घरी नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला. आमच्या नोकरीत एक गोष्ट खरी चांगली होती, कर्मचाऱ्याच्या घरच्यांचा औषधोपचार कंपनीकडे. त्यातून रोज एक बाई घरी येऊन नवऱ्याला व्यायाम देऊन जाई. आठ महिन्यांत त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत वर येऊ लागला होता. खुर्ची गेली की ती बाई बंद, आणि बाई बंद झाली की हात पुन्हा खाली, असा सरळ हिशेब होता. त्याला तर्कशास्त्र लागत नव्हतं.

सिस्टरची अडचण अशी की त्या प्रश्न वाचत.

एक नमुना सांगतो. मरणाच्या दारातला रुग्ण विचारतो, “मी बरा होईन ना?” काय करावं? क : खरं सांगावं. ख : धीर द्यावा. ग : नातेवाइकांशी चर्चा करावी. वकील ‘ग’, विमेवाले ‘ग’. सिस्टरने ‘क’ दाबलं आणि चौकटीत लिहिलं : “कधी विचारलं ते दिलेलं नाही. भेटायच्या वेळात विचारलं असेल तर तो नातेवाइकांना ऐकवतोय, तेव्हा ‘ख’. भेटायची वेळ संपून सगळे गेल्यावर विचारलं असेल तर त्याला खरंच जाणून घ्यायचंय. मी दुसरं धरलं आहे. सांगताना उभं राहू नये, खुर्ची ओढून बसावं.”

मी ते तीनदा वाचलं. मग नियमाप्रमाणे त्यापुढे ‘चूक’ असा शिक्का उमटलेला पाहिला.

सत्तरचा नियम नवाच लागला होता. पहिल्या महिन्यात एकसष्ट, दुसऱ्यात त्रेसष्ट. मी त्यांना चहाच्या वेळी बाजूला घेतलं.

“सिस्टर, सत्तर पाहिजेत हो.”

“माहितीय मला.”

“मग जरा... ‘ग’कडे बघत चला की अधूनमधून.”

“मास्तर, ज्याला विचारायचं तो नातेवाईक प्रश्नातच नसतो. आहे म्हणून कसं लिहू?”

“लिहायला काय जातं? खोटा रुग्ण, खोटा नातेवाईक.”

“आणि यंत्र? ते उद्या कुठल्या तरी खऱ्या रुग्णाशी बोलणार. त्याला काय, खोटं सांगू?”

मी चहाचा कप विसळायला निघालो. पंचवीस वर्षं मी पोरांना युक्तिवाद शिकवला, त्यामुळे असा प्रसंग माझ्यावर वारंवार येतो.

तिसरा महिना लागला. पहिल्या आठवड्याचा आकडा आला, अठ्ठावन्न. त्या दिवशी सिस्टर घरी गेल्यावर मी वकील आणि विमेवाल्यांना थांबवलं. सिस्टर बदलणार नाहीत, तेव्हा आपण बदलू, असं म्हणालो. सिस्टरचं उत्तर आधी मला दिसेल. माझ्या टेबलावर तीन पेनं आहेत. निळं उचललं तर ‘क’, लाल तर ‘ख’, हिरवं तर ‘ग’. तुम्ही तेच दाबायचं.

“म्हणजे कॉपी,” वकील म्हणाले.

“म्हणजे कॉपी.”

“मास्तर, तुम्ही तर म्हणे परीक्षेत पोरांच्या मोज्यांतनं चिठ्ठ्या काढायचात!”

“आता घालतोय.”

विमेवाले गंभीर झाले. “पकडलो गेलो तर?”

“कशात पकडणार? एकमत होणं हा गुन्हा नाही. इथे न होणं आहे.”

वकिलांना हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने आवडला. शिवाय दोघंही माणसं वाईट नव्हती. विमेवाल्यांच्या आईच्या शेवटच्या दिवसांत सिस्टरच त्यांच्याकडे जाऊन सलाइन लावून देत. “त्या बाईसाठी दोन पोरं बुडवावी लागली तरी बुडवीन,” ते म्हणाले. प्रश्नातली पोरं, असा त्यांचा अर्थ होता. सिस्टरला काही सांगायचं नाही असं ठरलं. सांगितलं असतं तर त्यांनी ‘कारण’च्या चौकटीत लिहिलं असतं.

महिनाअखेर सिस्टरचा आकडा शहाऐंशी, पुढच्या महिन्यात अठ्ठ्याण्णव. दोन टक्के वकिलांना रंग नीट दिसत नसल्यामुळे आणि नेमकी तेव्हाच विमेवाल्यांना डुलकी लागल्यामुळे गेले.

सिस्टरच्या चेहऱ्यात फरक पडला. आधी त्या खाली बघून जेवत, आता बोलू लागल्या. “मास्तर, बघा हं, मी ह्यांना काल म्हटलं, लोकांना शेवटी पटतं. थोडा वेळ लागतो इतकंच. आपण कारण नीट लिहिलं की पटतं.”

“हो ना.”

“वकीलसाहेब माझी कारणं वाचतात का हो?”

“वाचत असावेत.”

कारणं कोणालाच दिसत नसत, माझ्याशिवाय. मी डब्यात डोकं घातलं. घरी बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “चांगलं केलंत.” थोड्या वेळाने म्हणाली, “पण ती बिचारी खूश आहे, हे जरा वाईट आहे.” आमच्या कचेरीत असती तर तिचा आकडा पन्नासच्या वर गेला नसता.

सात आठवडे असे गेले. आठव्यात पुराचा प्रश्न आला. एका हाताला पाच वर्षांचा मुलगा, दुसऱ्याला त्याचा आजोबा; आजोबाला तुम्ही आधीच पकडलेलं आहे, मुलाला पकडायचं तर त्याला सोडावं लागेल. सिस्टरने लिहिलं की धरलेला हात सोडून दुसरा धरायला जाणारा बहुधा दोन्ही घालवतो, हे मी वॉर्डात पाहिलं आहे; आजोबाला ओढून बाहेर काढावं आणि मग पुन्हा उडी मारावी. उत्तर ‘क’. मी निळं पेन उचललं. वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन जरा हलवलं. त्यांनी दाबलं, पण ते दाबणं मला ऐकू आलं.

जेवायला बसलो तरी त्यांचा डबा बंदच. वकिलांना पाच वर्षांचा नातू होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

“सिस्टर,” ते एकाएकी म्हणाले, “तुमच्यापायी आज मी एक पोर बुडवलं.”

“माझ्यापायी?”

विमेवाल्यांनी त्यांचा पाय दाबला. चुकून माझा दाबला.

“वकीलसाहेब, तुम्ही ‘क’ दाबलंत? मग पटलं म्हणूनच दाबलंत ना?”

वकील कोर्टात कधी फारसे बोलले नव्हते. तेवढं सगळं त्यांनी इथे भरून काढलं. पेनं, रंग, सात आठवडे, माझं नाव. सिस्टरनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

“म्हणजे सात आठवडे एकटी मीच बोलत होते?” त्या मला म्हणाल्या.

“तुमच्यासाठीच केलं, सिस्टर. घरचं...”

“घरचं मला ठाऊक आहे. मी विचारलं ते सांगा. एकटी मीच?”

“हो.”

“मास्तर, मी तिघांतली एक होते, म्हणून बेधडक बोलत होते. वॉर्डात असंच असायचं. मी ठामपणे सांगायचे, डॉक्टर अडवायचे, घरचे रडायचे, त्यातून काहीतरी निघायचं. एकदा एका बाईला घरी न्या, आता काही उरलेलं नाही, असं मी सांगून मोकळी झाले होते. डॉक्टरनी मला चारचौघांत झापलं. ती बाई नंतर दोन वर्षं मला भेटायला येत होती, पेढे घेऊन.” त्यांनी डबा पिशवीत टाकला. “तुम्ही मला अडवायचं सोडून दिलंत.”

“आम्ही तर तुमचं ऐकलं.”

“तेच म्हणतेय मी.”

दुपारनंतर काम थांबलं. सिस्टर उत्तर देईनात. आधी बाकीच्यांनी द्यावं, मग मी देईन, अशा त्या बसून राहिल्या. मी पेनं खणात टाकली आणि खूण केली, ज्याचं त्याने ठरवा. वकिलांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या टेबलाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. विमेवाल्यांनी नियम मोडून कुजबुजत विचारलं, “मास्तर, सिस्टर काय म्हणतील यावर?” दोघांनाही स्वतःचं मत काय ते आठवेना. दीड तास एक प्रश्न तसाच उभा. प्रश्न सोपा होता : शेजाऱ्याचं पत्र चुकून तुमच्याकडे आलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर साहेबांच्या काचेच्या खोलीत गेल्या, आणि पर्यवेक्षक म्हणून मलाही बोलावणं आलं. साहेब माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. ते मला सर म्हणत, मी त्यांना साहेब म्हणे, त्यामुळे दोघांनाही एकमेकांवर ओरडायची सोय नव्हती. सिस्टर म्हणाल्या, सात आठवड्यांची उत्तरं माझ्या एकटीची आहेत, ती काढून टाका, यंत्राला एका बाईचं मत जगाचं म्हणून शिकवू नका. कसं झालं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. “मावशी, तुम्ही हे तोंडी सांगितलंत तर मी ऐकलेलं नाही. लेखी दिलंत तर चौकशी लावावी लागेल. चौकशी लागली की काहीतरी निघावं लागतं. घरी जा, उद्या सांगा.”

बाहेर आल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. तर्काने, म्हणजे मला येतो त्या एकमेव पद्धतीने, समजावलं. यंत्राचं नुकसान झालं की नाही ते माहीत नाही. तुमच्या घरचं होणार हे नक्की. अनिश्चित वाइटासाठी निश्चित वाईट पत्करणं...

“मास्तर, नुसतं उत्तर सांगा. क, ख का ग?”

“ग,” मी म्हणालो. “घरी चर्चा करा.”

सकाळी त्या आल्या तेव्हा मी विचारलं, घरी काय ठरलं? त्या म्हणाल्या, “सगळं सांगितलं ह्यांना. तासभर. ह्यांना बोलायला वेळ लागतो, मी थांबले. शेवटी म्हणाले, भाजीत मीठ नाही.” आणि पिशवीतून कागद काढला. लिहिलेला होता. अक्षर चांगलं होतं, औषधाच्या तक्त्यावर असतं तसं.

चौकशीला वरून दोन माणसं आली. एक विचारत होता, दुसरा टाइप करत होता. वकिलांनी पुढची तारीख मागितली. मिळाली नाही, तेव्हा काही आठवत नाही म्हणाले. विमेवाले म्हणाले, सिस्टरचं मत मला मनापासून पटत आलं आहे, आणि बाहेर येऊन रडले. मग माझी पाळी आली.

“सर, कॅमेऱ्यात दिसतं तसं तुम्ही टेबलावरून पेनं उचलत होता का?”

“हो.”

“तीन रंगांची?”

“हो.”

“कशासाठी?”

हा प्रश्न यंत्राला विचारला असता तर खाली तीन उत्तरं आली असती. माझ्यासमोर टाइप करणाऱ्याची बोटं होती, ती थांबली होती. घरी बायको होती, मुलीचं शिक्षण होतं, पंचावन्नाव्या वर्षी तर्कशास्त्र येणाऱ्या माणसाला कुठे मागणी आहे हे मला चांगलं माहीत होतं. आणि सिस्टरच्या कागदात माझं नाव नव्हतं. त्यांनी एवढंच लिहिलं होतं की उत्तरं जुळवली गेली, त्याचा लाभ मला झाला, तो मी परत करते.

“लिहायला,” मी म्हणालो.

तेही खरंच होतं. पेनाने मी लिहीतही असे. टाइप करणाऱ्याची बोटं पुन्हा चालू लागली.

पंधरा दिवसांनी निकाल आला. उत्तरं जुळवल्याचा पुरावा मिळाला नाही. कर्मचारी महिलेने स्वतःची उत्तरं इतर दोघांशी जुळतात हे जाणून घेतलं आणि उघडपणे मांडलं, हा मात्र गोपनीयतेचा भंग, आणि तो तिच्याच अक्षरात कबूल. सेवा समाप्त, घरचा औषधोपचार महिनाअखेरपर्यंत. आम्हा तिघांना चांगल्या समन्वयाबद्दल शाबासकीची पत्रं.

सिस्टरनी खणातला चष्मा, रुमाल आणि बसायची उशी पिशवीत भरली. वकील उठून उभे राहिले. विमेवाले म्हणाले, “सिस्टर, आमच्याकडे येत जा.” त्या “बघते” म्हणाल्या. माझ्या टेबलाशी थांबल्या. मला वाटलं आता बोलतील, आणि मी ऐकून घ्यायची तयारीही केली. त्यांनी विचारलं, “व्यायामाच्या बाईंचा फोन नंबर कंपनीकडे असेल ना? मला त्या चार हालचाली लिहून घ्यायच्यात. मीच करून घेईन.”

“तुमची कंबर?” मी म्हणालो.

“ती आहेच.”

मी नंबर शोधून दिला. त्याहून जास्त मी काही केलं नाही, हे इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिण्याची सोय नाही.

ती सात आठवड्यांची उत्तरं यंत्रात राहिली असतील तर निदान सिस्टर कुठेतरी बोलत राहतील, कोणाच्या तरी अंथरुणाशी खुर्ची ओढून बसायला सांगतील, असं मनाशी धरून मी महिनाभर काढला. मग एकदा कशाचे तरी कागद सही करायला नेले असताना साहेबांना सहज विचारलं, की ती उत्तरं शेवटी ठेवली का काढली.

“कुठली? ती तुमच्या टेबलाची? ती गेलीच नव्हती, सर,” साहेब सही करत म्हणाले. “नव्वद टक्क्यांच्या वर एकमत असलं की तो गठ्ठा आपण यंत्राला देतच नाही. त्यात शिकण्यासारखं काही नसतं.”